‘बरी आहेस ना?’





काही दिवसांपूर्वीची गोष्ट. आपल्या धर्मग्रामातील एक आजी लागोपाठ दोन रविवार मिस्सेला दिसल्या नाहीत, म्हणून मी संध्याकाळी ख्रिस्तशरीर घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजी एकट्याच राहतात. दार उघडले तेव्हा अंगावर शाल होती आणि डोळे लाल झाले होते. तीन दिवसांपासून ताप होता. गॅसवर काही नव्हते, भांडी घासून पालथी घातलेली होती. आम्ही प्रार्थना केली, आजींनी भक्तिभावाने ख्रिस्तशरीर स्वीकारले. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात आठ वाजले होते.

फोन मुलाचा होता. तो चाकणला कारखान्यात कामाला आहे आणि रोज रात्री आठला न चुकता आईला फोन करतो. आजी उठून बसल्या. त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि आवाजात जोर आणून म्हणाल्या, “हां भाऊ, बरी आहे रे मी. जेवले ना, आत्ताच जेवले. भाकरी अन् मेथीची भाजी. तू जेवला का?” दोन-तीन मिनिटे बोलणे झाले. फोन खाली ठेवताच आजी पुन्हा आडव्या झाल्या. थोडा वेळ गप्प राहून त्या मला म्हणाल्या, “फादर, ख्रिस्तशरीर घेऊन दहा मिनिटं झाली नाहीत, अन् तुमच्यासमोर खोटं बोलले. हे पाप झालं का हो?”

हा प्रश्न प्रायश्चित्त संस्कारात विचारलेला नव्हता, घरात बसल्या बसल्या विचारलेला होता, आणि तो इथे लिहायला आजींनी मला आनंदाने परवानगी दिली आहे. “लिहा, पण माझं नाव नका घालू,” एवढेच त्या म्हणाल्या. तुमच्यापैकी काही जण त्यांना ओळखतीलही. ओळखलेत तर गावभर सांगू नका, एखादे दिवशी त्यांच्याकडे डबा घेऊन जा.

त्या दिवशी मी आजींना काहीतरी धीर देणारे बोललो, शेजारच्या घरून पेज करून आणवली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायची व्यवस्था केली. पण त्यांचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. सेमिनरीत मी काही वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, सत्य आणि असत्य यांवर परीक्षेत पाने भरभरून उत्तरे लिहिली. तरीही हा प्रश्न मला सोपा वाटला नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटते.

माझी आई गावाकडे एकटीच असते. वडील गेल्यापासून मी तिला दर रविवारी दुपारी, मिस्सा आटोपून जेवण झाले की फोन करतो. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात ती ओसरीवर पाय घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. तीन आठवडे हात गळ्यात होता. त्या तीन आठवड्यांत मी तिला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तिने “मी बरी आहे” असेच सांगितले. पुनरुत्थान रविवारनंतर शेजारच्या काकांकडून मला ते कळले. मी तडक गावी गेलो. रागावूनच तिला म्हणालो, “मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “तू विचारलंस कुठं? तू तर म्हणालास, ‘बरी आहेस ना?’ मी म्हटलं, हो.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. म्हणून आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी स्वतःलाही तपासत होतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या बागलाणात असे किती उंबरे आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, डाळिंबावर तेल्या आला की बाग उपटून टाकावी लागते. मग मुले शिकतात आणि सातपूर, अंबड, चाकण, मुंबई अशी पांगतात. काही जण त्याहून दूर आखातात जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटासाठी घर सोडणारा अब्राहामाच्या काळापासून आहे. मागे राहतात ती म्हातारी माणसे. त्यांनाही गाव सुटत नाही. आपली माती आहे, नवऱ्याची कबर इथे आहे, आराम नदीकाठची हवा अंगवळणी पडली आहे. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसण्यापेक्षा त्यांना इथले एकटेपण बरे वाटते. त्या दोन टोकांना जोडणारी एकच दोरी आहे, ती म्हणजे फोन.

ही दोरी आपल्या डोळ्यांदेखत किती बदलली! माझ्या लहानपणी पत्र आणि मनिऑर्डर होती. तार आली की ती वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. नंतर चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून माणसे पेंगत रांगेत उभी राहायची. आपल्या देशात मोबाइल १९९५ मध्ये आला, पण सुरुवातीची काही वर्षे आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडत. २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि २००६ मध्ये देशात कुठेही एक रुपयात एक मिनिट बोलता येऊ लागले. आता तर चेहराही दिसतो आणि वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

त्या मधल्या काळातला ‘मिस्ड कॉल’ तुम्हाला आठवत असेल. मुलगा एसटीने नाशिकला पोचला की घरी एक रिंग द्यायचा आणि ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन रिंगा म्हणजे तू फोन कर, काम आहे. एक पैसा खर्च होत नसे, एक शब्द उच्चारला जात नसे, आणि तरी त्या रिंगेत खोटे काही नसायचे. आज आपण हवा तितका वेळ बोलू शकतो आणि तीन दिवसांचा ताप त्या बोलण्यात सहज लपून जातो. सोय वाढली म्हणजे आपोआप जवळीक वाढली असे होत नाही, एवढे तरी यातून समजावे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. हे पाप आहे का?

संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्याविषयी दोन ग्रंथ लिहिले. त्यांपैकी दुसरा, साधारण इसवी सन ४२० च्या सुमारास लिहिलेला, यात ते एक अवघड उदाहरण घेतात. एक माणूस गंभीर आजारी आहे. त्याचा लाडका एकुलता मुलगा वारला आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. तो तुम्हाला विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरे सांगितले तर तो धक्क्याने जाईल. काय सांगाल? अशा वेळी आपलेही मन हेलावते हे ऑगस्टीन मोकळेपणाने कबूल करतात. तरीही त्यांचा निर्णय ठाम आहे: खोटे बोलू नये. एकदा दयेपोटी खोट्याला दार उघडले, की मग ते दार कुठे बंद करायचे हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्यांच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी यात भेद केला. दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी बोललेले खोटे वेगळे, गमतीने बोललेले वेगळे आणि कुणाच्या भल्यासाठी बोललेले वेगळे. शेवटच्या दोन प्रकारांत दोष आहे, पण तो हलका आहे. शिवाय ते असेही सांगतात की खोटे न बोलता शहाणपणाने सत्य झाकून ठेवणे योग्य ठरू शकते. प्रत्येकाला प्रत्येक वेळी सगळे सांगितलेच पाहिजे असे कुणी म्हटलेले नाही.

तेव्हा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे आजींना उत्तर देता येते: आजी, दोष आहे, पण हलका आहे, प्रेमापोटी झालेला आहे. देव तुम्हाला त्यासाठी दूर लोटणार नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण ते अपुरे आहे. पाप किती मोठे हे त्यात सांगितले गेले, त्या खोट्याने कुणाचे काय हिरावले हे राहून गेले.

आजी म्हणतात, “त्याला काळजी नको म्हणून सांगितलं नाही.” पण काळजी करणे हा मुलाचा हक्कही आहे. आईला ताप आहे हे कळले असते तर तो कदाचित येऊ शकला नसता. पण त्याने शेजाऱ्याला फोन केला असता, रात्री पुन्हा विचारले असते, झोपताना तिच्यासाठी प्रार्थना केली असती. मुलगा म्हणून त्याला जे करता आले असते, ते सगळे त्या एका ‘बरी आहे’ने त्याच्या हातून काढून घेतले. त्याला काळजी तर राहिलीच, कारण दूर असलेल्या माणसाला काळजी असतेच. फक्त कशाची करायची हे त्याला कळले नाही. आणि पुढे कधी खरे समजले, की मग आईच्या प्रत्येक ‘बरी आहे’वर तो संशय घेणार. त्या दोरीचा एक पीळ सुटला.

मात्र सगळा दोष आजींच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. माझ्या आईने मला हेच शिकवले. आपण फोनवर काय विचारतो ते नीट ऐका: “बरी आहेस ना?” “जेवलीस ना?” “गोळ्या घेतेस ना?” आपल्या मराठीतला हा ‘ना’ फार लहान आहे, पण तो प्रश्नाला प्रश्न राहू देत नाही. उत्तर आपण आधीच ठरवलेले असते, समोरच्याने फक्त ‘हो’ म्हणायचे असते. त्या ‘ना’चा खरा अर्थ असा असतो: तू बरी असशील तर मला बरे वाटेल, म्हणून कृपा करून बरी आहे असे सांग. आणि आई आपली प्रत्येक मागणी पुरवत आली आहे, तशी हीही पुरवते. तेव्हा त्या खोट्याचा अर्धा भाग बोलणाऱ्याचा असेल, तर अर्धा भाग विचारणाऱ्याचाही आहे. मी माझा अर्धा भाग प्रायश्चित्त संस्कारात सांगितला आहे.

हे दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. मुलेही “मी बरा आहे” म्हणतात. ओव्हरटाइम बंद झालेला असतो, खोलीचे भाडे थकलेले असते, नवरा-बायकोत धुसफूस असते. आईला कशाला सांगायचे? अशा रीतीने दोन्ही टोकांना दोन माणसे एकमेकांना सांभाळत एकेकटी बसलेली असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एकटे राहणे हा काही अपराध नाही की आजार नाही. मी स्वतः एकटाच राहतो. आपल्या भाषेत ‘एकांत’ आणि ‘एकाकीपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. एकांत माणूस स्वतः शोधतो. संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात की प्रभू येशू पहाटे अंधारात उठून निर्जन ठिकाणी प्रार्थनेला गेला. आपल्या कितीतरी आज्या पहाटे उठून जपमाळ म्हणतात, तेव्हा त्या एकट्या असतात पण एकाकी नसतात. एकाकीपण तेव्हा सुरू होते, जेव्हा आपले खरे सांगायला कुणी उरत नाही. मग घरात दहा माणसे असली तरी फरक पडत नाही.

याच शुभवर्तमानात पुढे गेथशेमाने बागेचा प्रसंग आहे. तिथे येशू एकटा नव्हता. पेत्र, याकोब आणि योहान बरोबर होते. त्या रात्री त्याने त्यांना काय सांगितले? मी बरा आहे, तुम्ही झोपा, असे सांगितले नाही. आपला जीव दुःखाने मरणप्राय झाला आहे हे त्याने मित्रांना सांगितले आणि जवळ थांबून जागे राहा अशी विनंती केली. देवाच्या पुत्राला आपले दुःख सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा? आणि ते तिघे मित्र? हाकेच्या अंतरावर असूनही ते झोपी गेले. शरीराने जवळ असणे आणि खरोखर सोबत असणे यांत किती अंतर असू शकते, ते त्या रात्री दिसले.

हेच अंतर गॅब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताने आयुष्यभर अभ्यासले. सेमिनरीत मला त्यांचे लिखाण विशेष आवडत असे. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसच्या माहिती विभागात काम करत होते. बेपत्ता सैनिकांची कार्डे त्यांच्यासमोर असत आणि त्यांचे नातेवाईक विचारपूस करायला येत. कार्डावर नाव असे, तुकडी असे. पण समोर बसलेल्या आईच्या तोंडून तोच मुलगा जिवंत माणूस म्हणून उभा राही. तिथे त्यांना उमगले की माणसाविषयीची माहिती वेगळी आणि माणूस वेगळा. पुढे १९२९ मध्ये ते कॅथलिक झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखादा माणूस माझ्याच खोलीत बसलेला असून माझ्यासाठी गैरहजर असू शकतो आणि दूर असलेला माणूस माझ्यापाशी हजर असू शकतो. फरक पडतो तो एवढ्यावर, की त्याने आपले मन माझ्यासाठी मोकळे ठेवले आहे की नाही.

म्हणजे फोनवरची सोबत खोटी नसते. ती खरी असू शकते. याचे आपल्या काळातले फार मोठे उदाहरण तुम्ही बातम्यांत पाहिले असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटले. तिथे एकच कॅथलिक धर्मग्राम आहे, पवित्र कुटुंबाच्या नावाचे. शेकडो लोकांनी चर्चच्या आवारात आसरा घेतला होता. पोप फ्रान्सिस तेव्हापासून जवळजवळ रोज संध्याकाळी तिथल्या धर्मगुरूंना फोन करू लागले. जगभरच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख काय विचारत असे? कसे आहात, आज काय खाल्ले, मुले कशी आहेत. कधी एक-दोन मिनिटेच बोलणे होई. फेब्रुवारी २०२५ मध्ये रुग्णालयात दाखल झाल्यावरही त्यांनी तिथून फोन केला. शेवटचा फोन १९ एप्रिल २०२५ रोजी, पवित्र शनिवारी झाला. २१ एप्रिलला ते देवाघरी गेले.

त्या फोनने एकही बॉम्ब थांबला नाही. मग त्याचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. पण त्या आवारातल्या माणसांना रोज संध्याकाळी ठाऊक असे की कुणीतरी आपल्याला विसरलेले नाही. लक्षात घ्या, प्रश्न किती साधा होता: आज काय खाल्ले? त्यात ‘ना’ नव्हता. काही मिळाले नसेल तर तसे सांगायची मोकळीक त्या प्रश्नातच होती.

फोनची ही ताकद आहे, तशी त्याला मर्यादाही आहे. १० मार्च १८७६ रोजी ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनवरून पहिले वाक्य उच्चारले. शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या सहकाऱ्याला ते म्हणाले की इकडे या, मला तुम्हाला पाहायचे आहे. वॉटसन आले. टेलिफोनवरचे पहिले बोलणेच भेटीचे आमंत्रण होते, हे आपण विसरू नये. संत योहानही आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्राच्या शेवटी तेच सांगतात: लिहायचे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई नको, मी येऊन समोरासमोर बोलेन.

२०२० चा काळ आठवा. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. आपल्या शेजारचे मालेगाव त्या उन्हाळ्यात साथीने होरपळले. चर्चची दारे बंद होती, ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. त्या आठ महिन्यांत लोकांनी मोबाइलवर मिस्सा पाहिली, मी घराघरांत फोन केले. त्याने धीर मिळाला यात शंका नाही. पण ख्रिस्तशरीर मोबाइलमधून देता येत नव्हते, आजाऱ्याच्या कपाळाला लावायचे पवित्र तेल फोनमधून जात नव्हते. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत हे व्हॅटिकनने २००२ मध्येच एका पत्रकात स्पष्ट केले होते. मी ते वाचले होते. पण त्याचा अर्थ मला त्या वर्षी कळला. आपला देव शब्द होता आणि तो शब्द देही झाला. त्याला नुसते बोलून भागले असते तर गोठ्यात जन्म घ्यायची गरज नव्हती.

म्हणून आवाजाला हातांची जोड लागते. चाकणच्या मुलाचा आवाज आठ वाजता येतो, पण पेजेची वाटी शेजारणीलाच आणावी लागते. आणि इथे मला क्रुसाखालचा प्रसंग आठवतो. येशू आईला सोडून चालला होता. त्याने तिला जवळ उभ्या असलेल्या शिष्याच्या हाती सोपवले, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. जो जवळ राहू शकत नाही, त्याने जवळच्या कुणाला तरी सांगायचे; आणि ज्याला सांगितले, त्याने ते काम आपले समजायचे. दूरच्या मुलाचे कर्तव्य आणि जवळच्या शेजाऱ्याचे कर्तव्य अशी ही वाटणी आहे.

आपल्या सटाण्याला हे नवीन नाही. १८७०-७१ च्या दुष्काळात इथले मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी उघडला, आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. ते आपल्या ख्रिस्ती धर्मातले नव्हते, पण डोळ्यांसमोरची भूक पाहून कागदावरच्या नियमापाशी न थांबणारा माणूस प्रभूच्या राज्यापासून दूर नसतो. आज कायदाही मुलांना आईवडिलांचा सांभाळ करायला सांगतो. २००७ मध्ये तसा अधिनियम झाला. पण कायदा फार तर खर्चाचे पैसे देववील. आज कशी होतीस, काय केलेस, हे विचारायला कायदा भाग पाडू शकत नाही.

मग आपण काय करावे?

जे दूर राहून फोन करतात त्यांना माझी विनंती आहे, महिनाभर तो ‘ना’ सोडून द्या. “बरी आहेस ना?” ऐवजी “आज सकाळपासून काय काय केलंस?” असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. म्हातारी माणसे हळू बोलतात, मध्ये थांबतात. त्या थांबण्यातच पुष्कळदा खरे असते. वेळ ठरवा आणि ती पाळा, कारण ठरलेल्या वेळेची वाट पाहणे हाही एकट्या माणसाचा दिवसाचा आधार असतो. आणि आईच्या शेजाऱ्याचा नंबर आपल्याकडे ठेवा.

जे एकटे राहतात त्यांनी आपले दुखणे सांगणे म्हणजे मुलाला त्रास देणे असे समजू नये. सगळे सांगू नका, पण खोटे सांगू नका. “आज ताप आहे, फादर येऊन गेले, तू घाबरू नको,” यात सत्यही आहे आणि मायाही आहे. आणि फोनची नुसती वाट पाहू नका, तुम्हीही करा. आपल्या धर्मग्रामात तुमच्यासारखे आणखीही कुणीतरी एकटे आहे, त्याला तुमचा आवाज हवा आहे. अगदीच कुणी नसेल तर वृद्धांसाठी सरकारने सुरू केलेला १४५६७ हा फुकट नंबर आहे, तो लिहून ठेवा.

आणि जे जवळ राहतात, त्यांच्यासाठी तर काम सरळ आहे. आपल्या प्रार्थनागटाने आपल्या गल्लीत एकटे कोण राहते ते पाहावे आणि एकेका घराने एकेक उंबरा आपला समजावा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवला आहे. पण वर्षात एक रविवार हार घालून बाकीचे एकावन्न विसरले, तर त्या हाराला अर्थ नाही.

शेवटी आजींविषयी. ताप उतरल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, “आजी, दोष हलका आहे. पण पुढच्या वेळी भाऊला खरं सांगा. तुम्ही त्याची आई आहात, तसाच त्यालाही तुमचा मुलगा होऊ द्या.” आजींनी मान हलवली नाही की काही बोलल्या नाहीत. पण त्या रविवारी मिस्सेनंतर थांबल्या. म्हणाल्या, “फादर, मीच फोन केला त्याला. सांगितलं, तीन दिवस ताप होता अन् मी खोटं बोलले.” मी विचारले, “मग तो काय म्हणाला?” आजी म्हणाल्या, “आधी काहीच बोलला नाही. मग त्यानं त्याचं सांगितलं. दोन महिने लपवून ठेवलं होतं त्यानं.”

त्याने काय सांगितले ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. आजी तेवढ्यावर थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “येत्या सुट्टीला येतो म्हणाला.”

प्रभू आपल्या सर्वांना खरे विचारण्याचे आणि खरे सांगण्याचे धैर्य देवो. आज दुपारी जेवण झाल्यावर मीही गावी फोन करणार आहे.

प्रभूमध्ये आपला,
फादर